शनिवार-रविवार कुणाचे?

*अक्का,*

*मी सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. यंदा बारावी सायन्स झाली, गणितात ८१ पडले. सीईटीला ८४ पर्सेंटाइल. बाबा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, आई बिड्या वळते. आमच्या कॉलेजात एक मोठी आयटी कंपनी आली होती. परीक्षा आणि मुलाखत घेऊन तिनं आम्हा सहा जणांना निवडलं. पहिलं वर्ष ट्रेनिंग, महिना १०,००० स्टायपेंड. दुसऱ्या वर्षापासून नोकरी, वर्षाला २ लाख १० हजार. सोबत एका खासगी विद्यापीठाची बीएस्सी कॉम्प्युटर, फी कंपनी भरणार. ट्रेनिंगनंतर तीन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर दीड लाख भरायचे, असा बॉण्ड. जागा हैदराबाद. १० जुलैच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे.*

*मामा म्हणतात, "शिकताना पगार देणारी कंपनी कुठं मिळतीय? डोळे झाकून जा की." कॉलेजातले सर म्हणतात, इंजिनिअरिंग सोडून बीएस्सी म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. बाबा काहीच बोलत नाहीत, महिन्याला घरी किती येतील एवढंच विचारतात. दहा हजार आले तरी आईची बिडी सुटेल असा माझा हिशेब आहे. मोबाइलवर पायथनमध्ये थोडं प्रोग्रॅमिंग शिकलेय, आवडतंय. आणि एक गोष्ट घरात बोलता येत नाही. मला घराबाहेर पडायचंय.*

*नाव छापू नका. काय करू?*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट शोधली. आठवड्यात काम किती तास आणि अभ्यास किती तास? ती कुठंच नाही. पगार आहे, बॉण्ड आहे, विद्यापीठ आहे, मामा आहेत, सर आहेत. वेळेबद्दल कंपनीनं सांगितलेलं नाही आणि तुम्ही सहा जणांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. माझं सगळं उत्तर त्या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे, कारण त्याच खड्ड्यात मी स्वतः पडून आलेय.

मी इथंच डिप्लोमा केला आणि १९९९ साली पुण्यातल्या एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागले. तेव्हा सगळीकडे वायटूकेची धांदल चालली होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, म्हणजे ९९ नंतर ०० आलं की मशीनला ते १९०० वाटणार. आम्हा नवख्यांचं काम काय, तर प्रोग्रॅमचे छापील गठ्ठे घ्यायचे, पट्टी लावून एकेक ओळ वाचायची आणि तारीख दिसली की लाल पेनानं गोल करायचा. पहिले चार महिने मी कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही. पण वाईट काम होतं असं म्हणणार नाही. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम शांतपणे वाचायची सवय तिथंच लागली आणि आजही तीच कामी येते.

डिग्री हवी होती म्हणून मी एएमआयईला नाव घातलं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा नोकरी करणारे डिप्लोमावाले द्यायचे. सेक्शन ए, मग सेक्शन बी, वर्षातून दोनदा परीक्षा, कॉलेज नाही, वर्ग नाही. आता ती वाट तशी राहिलेली नाही. २०१३ च्या मे अखेरपर्यंत ज्यांनी नोंदणी केली त्यांच्याच एएमआयईला पदवीची बरोबरी आहे. पण त्या काळी आमच्यासारख्यांची कमवत शिकायची वाट तीच होती. मी ठरवलं होतं तीन वर्षांत संपवायचं. लागली साडेसहा. विषय अवघड होते म्हणून नव्हे. ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, "उद्या क्लायंटकडे द्यायचंय, परीक्षा काय पुढच्या खेपेलाही देता येईल." एकदा नाही, तीनदा. मला नाही म्हणता आलं नाही, कारण परीक्षेची रजा मिळेल असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. मी गृहीत धरलं होतं. त्यांनीही गृहीत धरलं होतं, माझे शनिवार-रविवार त्यांचेच आहेत म्हणून.

असो. तुझ्याकडं वळते.

तुला जे मिळतंय त्याला ब्रिटनमध्ये डिग्री ॲप्रेंटिसशिप म्हणतात. तिथं ती २०१५ साली सुरू झाली. पोरगं कंपनीत नोकरीला असतं, पगार घेतं, विद्यापीठाची फी कंपनी आणि सरकार मिळून भरतात. त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट मला ही वाटते की शिकण्याचा ठरावीक वेळ कामाच्या तासांतच काढून द्यावा लागतो, तसा नियमच आहे. अभ्यास हा कामाचाच भाग धरलेला आहे. आपल्याकडं विप्रो नव्वदच्या दशकापासून बिट्स पिलानीच्या जोडीनं बीएस्सी झालेल्या मुलांना कामावर घेऊन पुढचं शिक्षण देत आली. एचसीएलचा टेकबी हा असाच कार्यक्रम, पण बारावीनंतरचा. बाकी कंपन्यांचेही असे कार्यक्रम आहेत. म्हणजे तुझ्या कंपनीनं काही जगावेगळं काढलेलं नाही. मामांना वाटतं तसं ते घबाड नाही आणि सरांना वाटतं तसा सापळाही नाही. प्रत्येक कंपनीचा करार वेगळा असतो आणि सगळी मेख त्या करारात असते.

म्हणून पहिल्यांदा ऑफर लेटरमध्ये बघ, तुला नाव काय दिलंय. ॲप्रेंटिस, ट्रेनी की एम्प्लॉयी? शब्द सारखे वाटतात, पण नाहीत. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली तुला घेतलं असेल तर सरकारी पोर्टलवर तुझा करार नोंदवावा लागतो, २०१९ च्या नियमांप्रमाणे ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी स्टायपेंड देता येत नाही, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पण तो कायदा तुला शिकाऊ मानतो, कामगार नाही. त्यामुळे पीएफ वगैरे नाही, आणि मुदत संपल्यावर कंपनी कायम करेलच याची कायद्यात हमी नाही. नुसतं ट्रेनी लिहिलं असेल, तर कंपनीच्या करारात जे असेल तेच खरं. दुसऱ्या वर्षापासून एम्प्लॉयी, असं असेल तर विचार, ते आपोआप होणार की परीक्षा पास झाल्यावर? नापास झालं तर काय? "ट्रेनिंग समाधानकारकरीत्या पूर्ण केल्यास" असं वाक्य असतं बघ. त्या समाधानाचं माप कुठं तरी लिहिलेलं असायला हवं.

आता बाबांचा प्रश्न. ते बोलत नाहीत म्हणतेस, पण सगळ्यात मुद्द्याचं तेच विचारतायत.

२ लाख १० हजार हा सीटीसी. म्हणजे कंपनीला तू वर्षाला केवढ्याला पडतेस तो आकडा, तुझ्या हातात पडणारा नव्हे. बाराने भागलं तर १७,५०० येतात. त्यातच कंपनीचा पीएफचा वाटा असतो, बहुधा ग्रॅच्युइटी, विमा, आणि कधी कधी वर्षाअखेरी मिळणारा किंवा न मिळणारा बोनससुद्धा त्यातच बसवलेला असतो. वर तुझ्या वाट्याचा पीएफ कापणार. हातात चौदा-साडेचौदा हजार आले तर चांगलं म्हण. हैदराबादेत तिघींत एक खोली आणि मेस धरली तर साताठ हजार कुठं गेले कळणार नाही. बस, मोबाइल, साबण, औषध, कधी तरी एक बिर्याणी (ती खाच, हैदराबादेत जाऊन डबाच खायचा तर काय उपयोग) यात आणखी दोन. घरी येणार चार, फार तर पाच. आणि तेही दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षीच्या दहा हजारांत तुझं तुलाच भागवायचंय. ट्रेनिंगच्या काळात राहायची सोय कंपनीची आहे का, हे विचारलंयस? नसेल तर पहिले दोन-तीन महिने बाबांनाच तिकडं पैसे पाठवावे लागतील, खोलीचं डिपॉझिट वेगळं.

म्हणजे आईची बिडी पहिल्या वर्षी सुटत नाही, दुसऱ्यातही पुरती सुटत नाही. हे बाबांना आत्ताच सांग, कागदावर मांडून. नाही तर वर्षभरानं फोनवर "पैसे का नाही आले" सुरू होईल, आणि तो फोन रात्री नेमका तू अभ्यासाला बसलेली असताना येईल.

बॉण्डबद्दल. "बॉण्ड कोर्टात टिकत नाही, सोडून द्या" असं व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यावर विसंबू नकोस. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड योग्य ठरवला. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, वाट्टेल तो आकडा नाही, हे खरं. पण वाजवी काय ते कोर्टात ठरतं, आणि सोलापूर-हैदराबाद अशा तारखा तू करत बसणार नाहीस. तेव्हा दीड लाख हे खरेच द्यावे लागतील असं धरूनच सही कर.

पण त्यात बघायचं काय, हे तुझ्या आईला विचार. हजार बिड्या वळून कारखान्यात नेल्या की तिथं छाट निघते. ही वाकडी, ही सैल, हिचं पान फाटकं. मोबदला हजाराचा म्हणायचा, पण छाट किती काढायची ते समोरचा ठरवतो. करारातली छाट तशीच असते. दीड लाख ही रक्कम दरवर्षी कमी होत जाते का? अडीच वर्षं काम करून सोडलंस तरी पूर्ण दीड लाख, की उरलेल्या सहा महिन्यांपुरते पंचवीस हजार? विद्यापीठाची भरलेली फी दीड लाखात धरलीय की वेगळी वसूल होणार? कंपनीनंच काढून टाकलं तर? आजारपणानं घरी बसावं लागलं तर? जामीन म्हणून बाबांची सही मागतायत का? मागत असतील तर तो कागद त्यांना मराठीत कुणी तरी वाचून दाखवायचा, तेलुगूत दाखवला तरी उत्तम. आणि दहावी-बारावीची मूळ मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडं ठेवायला द्यायचा नाही. दाखवायचा, तपासू द्यायचा, घरी आणायचा. सही करताना तुला अठरा पूर्ण झालेली असायला हवीत हेही बघ. अठराच्या आतल्या, कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' व्यक्तीचा करार कायद्याला मान्य नाही, म्हणून मग सगळा भार बाबांच्या सहीवर टाकला जातो.

आणखी एक हिशेब तुम्ही कुणी केलेला नाही. ट्रेनिंग एक वर्ष, बॉण्ड तीन, म्हणजे चार वर्षं. बीएस्सी तीन वर्षांची. ती पहिल्या वर्षी सुरू होते की नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी? दुसऱ्या वर्षी सुरू झाली तर डिग्री आणि बॉण्ड एकदमच संपतात, आणि एखादा विषय जरी राहिला तरी तू बॉण्ड संपूनही तिथंच अडकणार, कारण फी तेच भरणार. पहिल्या वर्षी सुरू होत असेल तर तुझ्या हाताशी एक वर्ष जास्तीचं राहतं. साधी गोष्ट आहे, पण साडेसहा वर्षं काढलेल्या बाईला ती फार मोठी दिसते.

डिग्रीचं म्हणशील तर सर निम्मे बरोबर आहेत. बीएस्सी ही बीई नव्हे. इंजिनिअर म्हणून निघणाऱ्या सरकारी जागांना, जिथं बीई-बीटेकच मागतात, तिथं ती चालणार नाही. परदेशात एमएसला जायचं झालं तर तीन वर्षांच्या पदवीवर काही विद्यापीठं हरकत घेतात. पण एमपीएससी-यूपीएससीच्या सर्वसाधारण परीक्षांना कुठलीही मान्य पदवी चालते, एमसीए करता येतं, आणि खासगी सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीला कॉलेज कुठलं हे पहिल्या पाच मिनिटांनंतर कुणी विचारत नाही. मी मुलाखती घेते, सांगू शकते. पायावर धोंडा वगैरे काही नाही.

मात्र ही बीएस्सी दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि नेमक्या त्याच अभ्यासक्रमाचं नाव या वर्षीच्या यादीत आहे का ते स्वतः बघ. २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेली अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मान्यता नसेल तर कागद. आणि उद्या कुणी म्हणालं की ऑनलाइन बीटेक देतो, तर तिथून सरळ उठून यायचं, दूरस्थ पद्धतीनं इंजिनिअरिंगच्या पदवीला परवानगीच नाही. प्रवेश झाला की अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) जिथं जमा होतात ते खातं तुझ्या नावानं उघडून घे, ते डिजिलॉकरला जोडता येतं. मधेच कंपनी सुटली तर तोवर मिळवलेले क्रेडिट तुझ्या खात्यात दिसायला हवेत.

आता इंजिनिअरिंग. तुझ्या पत्रात त्याची फी परवडणार नाही असं कुठं म्हटलेलं नाही, पण घरात सगळ्यांनी तसं धरलेलं दिसतंय. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बाकीच्या राखीव प्रवर्गांना आधीपासूनच्या वेगळ्या सवलती आहेत. तुझं कशात बसतं ते जातीच्या दाखल्यावरून समजेल. अट मोठी एकच, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. इतर शुल्कं उरतातच, पण घरून ये-जा करून शिकणाऱ्या मुलीला ती जमू शकतात. सोलापुरात इंजिनिअरिंगची बरी कॉलेजं आहेत. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाक, सेतूत गर्दी असते.

म्हणून १० जुलैच्या नादात कॅपचा अर्ज सोडू नकोस. दोन्ही वाटा शेवटपर्यंत उघड्या ठेवता येतात. कंपनीला हो म्हटलं म्हणजे बॉण्डवर सही झाली असं नसतं, बहुतेक ठिकाणी ती रुजू होताना होते. तुझ्या पत्रात नेमकं काय आहे ते बघून घे.

सरांशी माझं खरं भांडण आहे ते इथं. त्यांच्या डोक्यात चित्र असं की घरी राहून इंजिनिअरिंग केलंस म्हणजे सगळा वेळ अभ्यासाला मोकळा. घरकुलातल्या मुलीचा वेळ असा कुठं मोकळा असतो? चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते कधी पहाटे तीनला येतं, कधी येतच नाही, आणि पिंप, घागरी, बाटल्या भरेपर्यंत सकाळ जाते. आईचा हजार पुरा व्हायचा असला की सुपातल्या बिड्यांना दोरा बांधायला तूच बसतेस. पाहुणे आले की चहा तू टाकायचा. भाऊ असेल तर त्याचा अभ्यास महत्त्वाचा. तिथंही तुझे शनिवार-रविवार तुझे नाहीत, फक्त ते कोण घेतं हे कुठल्या ऑफर लेटरमध्ये लिहून येत नाही. त्यामुळे "मला घराबाहेर पडायचंय" हे तू पत्राच्या तळाशी, ओशाळल्यासारखं लिहिलंस, ते मी सगळ्यात वर ठेवते. ते चांगलं कारण आहे. कमावती मुलगी परगावी असली की लग्नाचा विषय दोन-चार वर्षं लांबतो, हेही आपल्या गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही.

हैदराबाद तुला परकं नाही, तेलुगू घरचीच आहे. माझी पहिली दोन वर्षं पुण्यात "काय की" म्हटलं की लोक हसायचे, तुझं तसं काही होणार नाही.

मोठ्या कंपनीचा फायदा म्हणजे शिस्त. दुसऱ्यानं तुझं काम तपासल्याशिवाय ते पुढं जात नाही, प्रत्येक बदलाची नोंद राहते, चुकलं तर कुठं चुकलं ते सापडतं. मोबाइलवर पायथन शिकताना हे कळत नाही, कॉलेजातही फारसं शिकवत नाहीत. तोटा हा की तू त्या अवाढव्य यंत्रातली एक छोटी खिट्टी असतेस आणि ती कुठं ठोकायची हे तू ठरवत नाहीस. बारावीनंतर घेतलेल्या मुलांना पुष्कळदा सपोर्टला टाकतात. म्हणजे कुणाचा पासवर्ड विसरला, कुणाचा प्रिंटर रुसला, कुठला सर्व्हर बसला, त्याच्या तक्रारींची नोंद, म्हणजे तिकिटं येतात, ती वेळेत सोडवून बंद करायची, आणि परदेशातल्या क्लायंटच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी. सपोर्ट हलकं काम नाही, त्यातून फार चांगले लोक वर आलेले मी पाहिलेत. पण आठवड्याला पाळी बदलणाऱ्या मुलीनं शनिवारी सकाळी नऊ वाजता डेटा स्ट्रक्चरच्या ऑनलाइन वर्गाला बसायचं, हे मला पटत नाही. शुक्रवारची रात्रपाळी शनिवारी सकाळी संपते. तो वर्ग झोपेत जाणार.

म्हणून कंपनीला फोन करू नकोस, मेल कर. फोनवर "हो हो, होईल ॲडजस्ट" म्हणतात, मेलला उत्तर देताना मात्र शब्द तोलून लिहावे लागतात. तुमच्या सहा जणांतर्फे एकच मेल गेला तर आणखी चांगलं, एकटी मुलगी फार प्रश्न विचारते असं व्हायचं नाही. इंग्रजीची भीती धरू नकोस, साधी वाक्यं पुरतात. विद्यापीठाचे वर्ग कोणत्या वारी, किती वाजता असतात आणि त्या वेळी ड्यूटी लागणार नाही हे कुठल्या धोरणात लिहिलंय? परीक्षेसाठी रजा किती दिवस, आणि ती पगारी का? पहिल्या दोन वर्षांत रात्रपाळी असते का? काम डेव्हलपमेंटचं, टेस्टिंगचं की सपोर्टचं, हे कोण आणि कधी ठरवतं? आणि शेवटचा, मला सगळ्यात आवडणारा: याआधीच्या तुकड्यांतल्या किती जणांनी ठरल्या वेळेत डिग्री पूर्ण केली? यावर गोलमोल उत्तर येईल, येऊ दे. त्याच कार्यक्रमात दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या एखाद्या मुलीचा नंबर मात्र मागून घे आणि तिला रविवारी संध्याकाळी फोन कर. ती फोनवर कामात आहे की अभ्यासात की झोपेत, ते तुला आपोआप कळेल.

मी काय करेन म्हणशील तर, उत्तरात परीक्षेची रजा आणि वर्गाची वेळ राखून ठेवल्याचं लेखी आलं, बॉण्डची रक्कम वर्षागणिक उतरती असली आणि विद्यापीठ यादीत सापडलं, तर जा. सरांना नमस्कार करून जा. वेळेचं उत्तर "टीमप्रमाणे ॲडजस्ट करावं लागेल" असं आलं, तर नोकरी मिळतेय आणि डिग्री नाही असं समजायचं, आणि कॅपमध्ये सोलापुरातली कॉम्प्युटर किंवा आयटीची जागा मिळत असेल तर ती घ्यायची. डिग्री झाल्यावर कंपन्या येतातच. बीसीए-बीएस्सीवाल्यांना घेऊन एमटेक करवणारे कार्यक्रमही आहेत. आणि मग घराबाहेर पडायचं कसं, त्यावर आपण वेगळं बोलू. हॉस्टेलची सोय, ग्रंथालयात बसायच्या वेळा, काही ना काही निघतं. कॅपमध्येही मनासारखं लागलं नाही आणि कंपनीही ॲडजस्टच म्हणाली, तर मात्र मी तुला कंपनीतच जा म्हणेन, पण डिग्रीला तीन नाही, पाच वर्षं लागणार असं धरून आणि घरी तसं सांगून.

आईला सांगायचं काय, हे राहिलं. तिनं तुझ्या पगाराकडं डोळे लावलेत की नाही हे तू लिहिलेलं नाहीस, ते गणित तुझं आहे. तिला एकदा विचारून तरी बघ. माझ्या आईला मी बिडी सोड म्हटलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "सोडते, पण पीएफचं पासबुक बंद करू नको." तिच्या बिडीच्या खात्यावर तिचा पीएफ जमा होत होता, आणि तिला तो माझ्या पगारापेक्षा खात्रीचा वाटत होता.

मेलचा मसुदा तयार झाला की पाठवायच्या आधी मला दाखव. या आठवड्यात मी गावातच आहे. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर पुन्हा एक ओळ टाकायची, १० तारखेची आठवण करून देणारी. आणि सेतूत जाशील तेव्हा सकाळी लवकर जा. पाणी यायचा दिवस सोडून.